आधी जाहीर करतो

माझ्या मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांच्या एका काकांनी मुजुमदारकाकांना सहज विचारलं, "मुलगी कशी आहे हो?" अशा प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं. ते देऊन माणसाने पुढची पुरी घ्यायची असते. मुजुमदारकाकांनी वाटी खाली ठेवली, रुमालाने मिशी पुसली आणि म्हणाले, "आधी जाहीर करतो. मुलीचे वडील माझे शेजारी आहेत. मार्चमध्ये मी त्यांच्याकडून विमा घेतला. आणि आत्ता त्यांच्याच खर्चाने दोन वाट्या श्रीखंड खाल्लं आहे. हे सगळं वजा करून ऐका. मुलगी चांगली आहे."

व्याहीमंडळी वजाबाकी करत बसली. माझी बायको सुषमा श्रीखंडाचं पातेलं घेऊन घाईघाईने मध्ये शिरली, म्हणून पुढचं निभावलं. लग्न झालं, मुलगी इंदूरला सुखात आहे, पण व्याही अजून फोनवर विचारतात, "वो आपके घोषणावाले काका कैसे हैं?"

नानाखेड्याच्या आमच्या कॉलनीत मुजुमदारकाकांचं दार आमच्या दारासमोर आहे. मध्ये फक्त जिना. काका नापतौल विभागात निरीक्षक होते. दुकानातली वजनं तपासायची, तराजूला शिक्का मारायचा, मापात पाप दिसलं की पंचनामा करायचा, हे त्यांनी जन्मभर केलं. निवृत्त होऊन दहाएक वर्षं झाली, पण फ्रीगंजमधले जुने दुकानदार काका दिसले की अजून तराजूवरचा हात आपोआप उचलतात. टावर चौकातला शेववाला तर पुडी बांधताना स्वतःच म्हणतो, "बाबूजी, सामने तौला है." काका म्हणतात, "अरे भाई, मैं रिटायर हो गया." आणि घरी येऊन पुडी तोलतात.

काकू गेल्या त्याला आता तीन वर्षं झाली; काकांची मुलगी बेंगळुरूला असते. त्यानंतर काका स्वयंपाक शिकले. शिकले म्हणजे काय, तर त्यांनी स्वयंपाकघराचा पंचनामा केला. काकू सगळं अंदाजाने करायच्या. त्यांची एक स्टीलची वाटी होती, काठाला पोचा आलेली. 'एक वाटी डाळ' म्हणजे ती वाटी. काकांनी ती पाण्याने भरली, पाणी मोजलं, तीनदा मोजून सरासरी काढली आणि वहीत लिहून ठेवली. "आता 'अंदाजे' म्हणजे किती ते कळलं," असं मला जिन्यात अडवून सांगितलं. मी ऑफिसला निघालो होतो. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं का, हे घाईत पाहायचं राहिलं. पाहायचं राहून जाणं हा माझा जुना गुण आहे.

त्यातूनच तो ब्लॉग निघाला. माझ्या मुलीने लग्नाआधी त्यांना तो करून दिला. नाव 'एका माणसापुरतं'. एकट्या माणसाने एका वेळचं किती शिजवावं, तोलूनमापून. दर रविवारी दुपारी एक पदार्थ. आणि प्रत्येक पदार्थाखाली, कृतीहून मोठं, 'जाहीर'. मुगाच्या वरणाखाली लिहिलं होतं: "डाळ स्वतः विकत घेतली. हिंगाची डबी मुलीने बेंगळुरूहून पाठवली आहे, तरी हिंगाविषयीचं मत जपून घ्यावं. चव मी एकट्यानेच पाहिली. दुसरा साक्षीदार नाही."

तीन आठवडे झाले तरी ब्लॉगवर एकही प्रतिक्रिया आली नाही. काका रोज संध्याकाळी मला विचारायचे, काही बटण दाबायचं राहिलंय का. बटणं सगळी ठीक होती. "मुलगी वाचते म्हणते," ते म्हणाले, "पण पडताळणी झालेली नाही."

आता माझा गुन्हा सांगतो. मी विमा विकतो. महत्त्वाचं ते बारीक अक्षरात लिहायचं, हा आमचा धंदाच. त्या रविवारी मी फोनवर एक नवं खातं उघडलं, 'सौ. वसुधा, देवास' असं नाव दिलं आणि लिहिलं: "वरण करून पाहिलं. छान झालं. पण फोडणीत जिरं आधी की हिंग, हे स्पष्ट करावं." दहा मिनिटांत समोरचं दार उघडलं. काका फोन हातात धरून उभे. "देवासहून प्रश्न आला आहे," म्हणाले. चष्मा कपाळावर, सदऱ्याला पिठाचा हात पुसलेला. त्यांनी वसुधाबाईंना जे उत्तर लिहिलं ते दीड पानांचं होतं.

मग वसुधाबाई दर रविवारी लिहू लागल्या. मला ते जमायचं, कारण माल माझ्या घरी यायचा. काका केलेल्या पदार्थाची एक वाटी, तीच काकूंची वाटी, बशी झाकून दुपारी आमच्याकडे आणून देत. आपल्यात कोणाची वाटी रिकामी परत करत नाहीत. सुषमा त्यात साखर घाली, कधी दोन लाडू ठेवी. काका ते लाडू ब्लॉगवर जाहीर करत आणि मला म्हणत, "म्हणून तुमच्या मताला वजन नाही, प्रमोदराव. तुमच्याकडचं खाल्लंय मी." तरी विचारत, कसं झालंय. मी म्हणे, उत्तम. दर वेळी उत्तम. समोर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला दुसरं काय सांगणार? मग आत येऊन वसुधाबाईंच्या नावाने खरं काय ते लिही: भाजणी कच्ची राहिली असावी, गूळ कमी करावा. चेहरा दिसत नसला की मी बराच खरा माणूस आहे.

एकदा वसुधाबाईंनी विचारलं होतं, आपल्या मापाने एका माणसाला नेहमी वाटीभर जास्त होतं, असं का? काकांनी उत्तर दिलं: "निरीक्षण बरोबर आहे. माप कमी करून पाहिलं. हात थांबत नाही. कारण शोधतो आहे."

सुषमाने त्यांना कितीदा जेवायला बोलावलं. काका यायचे नाहीत. मिंधं झालं की मत देता येत नाही, म्हणायचे.

असं सहा-सात महिने चाललं. मग एके दिवशी काका एक कागद घेऊन आले. कुठल्याशा कुकर कंपनीने त्यांना पत्र पाठवलं होतं. छोटा कुकर फुकट मिळणार होता. काकांनी त्यावर नेहमीच्या भाषेत लिहायचं, मध्येच कंपनीच्या दुकानाची लिंक टाकायची, आणि ही जाहिरात आहे हे वाचकाला कळू द्यायचं नाही. याचे वर पैसे. कागद माझ्यासमोर धरून काका उभे होते.

"हे पारड्याखाली चुंबक लावणं झालं," ते म्हणाले. भाजीवाले पूर्वी असं करत, ते त्यांनी समजावून सांगितलं. वजन खोटं असलं तर गिऱ्हाईक निदान भांडू तरी शकतं. चुंबक लपलेलं असतं, गिऱ्हाईक आभार मानून घरी जातं.

मी म्हटलं, काका, सगळेच करतात. खाली जाहीर करून घ्या हवं तर.

"जाहीर करायचं नाही, याचेच तर ते पैसे देताहेत."

"मग तसंच घ्या. कोणाला कळणार आहे? वाचून वाचून वाचणार कोण?"

काका शांतपणे म्हणाले, "वसुधाबाई आहेत न. माझ्या भरवशावर त्या कुकर घेऊन बसतील."

मला काय वाटलं ते लिहायला इतकी वर्षं मराठी बोलून शब्द सापडत नाही. हा माणूस नसलेल्या बाईसाठी कुकर परत पाठवत होता, आणि ती बाई त्याच्यासमोर बनियन घालून उभी होती.

काकांनी कंपनीला नकार कळवला, चार पानांत. आणि त्या रविवारी पदार्थाऐवजी एक निवेदन टाकलं. ब्लॉगवर आता 'जाहीर' नावाचं वेगळं पान होईल. लेखकाचा कोणाशी काय संबंध आहे ते सगळं त्यावर असेल. आणि शेवटी: "सौ. वसुधाबाई, आपलाही या ब्लॉगशी वाचनापलीकडे काही संबंध असल्यास कळवावा. त्याशिवाय पान पुरं होत नाही."

मी दोन दिवस जेवलो तसा, पण चव लागली नाही. सांगावं तर काकांचा एकुलता एक वाचक जाणार. न सांगावं तर त्यांच्या पारड्याखालचं चुंबक मीच. सुषमाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला पहिल्या महिन्यापासून ठाऊक आहे, देवासची बाई क्रिकेटची मॅच असली की ती संपल्यावरच लिहिते. आणि म्हणाली, जा आणि सांग.

बुधवारी संध्याकाळी गेलो. काका ओट्यापाशी तांदूळ तोलत होते. मी दारातच म्हटलं, "काका, देवासला वसुधाबाई नाहीत."

काट्यावरून नजर न काढता ते म्हणाले, "भुट्ट्याच्या किसात मीठ किती होतं?"

"काय?"

"ब्लॉगवर मी अर्धा चमचा लिहिलं होतं. करताना बेंगळुरूचा फोन आला, आणि मीठ दोनदा पडलं. मला ते जेवायला बसल्यावर कळलं. वसुधाबाईंनी त्याआधीच लिहिलं होतं, मीठ पुढे गेलं असावं." त्यांनी चिमूटभर तांदूळ काढून घेतले. "तो कीस मी एकाच घरी पाठवला होता, प्रमोदराव."

भुट्ट्याचा कीस ताज्या मक्याचा, म्हणजे मागचा पावसाळा. तेव्हापासून त्यांना ठाऊक होतं. जन्मभर सगळं जाहीर करणाऱ्या माणसाने हे एवढं झाकून ठेवलं होतं. मी विचारलं, बोलला का नाही?

"तुम्ही समोर उभे राहून खोटं बोलायचात. त्या खरं बोलायच्या. दोघांपैकी एकाला ठेवायचं तर कोणाला ठेवणार?" असं म्हणून ते हसले. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि आवाज मात्र बदलला. "आणि रविवारी दुपारी जेवण झाल्यावर माणसाला वाट बघायला काहीतरी लागतं. ते बुडालं असतं."

त्या रविवारी 'जाहीर' पान आलं. पहिली कलमं अपेक्षित होती: कुकर जुना, स्वतःचा, हिंग मुलीचा, वाटी पत्नीची, तिचं माप बाजारात मिळत नाही. शेवटचं कलम मी सुषमाला वाचून दाखवलं:

"या ब्लॉगवर सौ. वसुधा, देवास या नावाने येणारी मतं माझ्या शेजाऱ्यांची आहेत. त्याबद्दल मी त्यांना दर रविवारी एक वाटी पदार्थ देतो. हा मोबदला समजावा. मोबदल्याशिवाय वाचणारं सध्या कोणी नाही. मतं मात्र खरी आहेत. तपासली आहेत."

ओट्यावर काकांची वाटी धुऊन पालथी घातलेली होती. सुषमाने ती उचलली, साखरेचा डबा उघडला, आणि परत लावून टाकला. म्हणाली, आज वाटी नेऊन देऊ नकोस.

सोमवारी साडेबाराला काका दारात आले. वाटी राहिली का, विचारत होते. त्या वाटीशिवाय त्यांची डाळ अडली होती. सुषमाने तीन पानं मांडली होती. ती फक्त म्हणाली, "काका, बसा. वाटी पानातच आहे." वाटीत वरण होतं, त्यातून वाफ निघत होती. काका उभे राहिले, वाटीकडे बघितलं, आणि बसले.

सुषमाने भात वाढला, वर तूप घातलं. पहिला घास घेऊन काका थांबले. मी कसं झालंय विचारलं नव्हतं, तिनेही नाही.

"आधी जाहीर करतो," ते म्हणाले. "कोणीतरी वाढलेलं गरम वरण मी तीन वर्षांनी खातो आहे. ते वजा करून ऐका."

आम्ही दोघं ऐकायला थांबलो. काका खाली मान घालून भात कालवत राहिले.