हंबीररावांची हलकी गाडी

एका जंगलात एक अस्वल होतं आणि त्या अस्वलाकडे लाल रंगाची मोटार होती. अस्वलाकडे मोटार कुठून आली, असं मधेच विचारायचं नाही. बरं, विचारलंच आहे तर सांगतो. फार वर्षांपूर्वी एक साहेब त्या मोटारीतून शिकारीला आला. त्यानं अस्वलाच्या आजोबांना पाहिलं, आजोबांनी त्याला पाहिलं. साहेब पळत गेला. मोटार राहिली.

गाडी मोठी देखणी. बुटकी, लांब नाकाची, डोक्यावर टप नसलेली, दोनच सीटची. खास शर्यतीसाठी बांधलेली. आपल्या अस्वलाचं नाव हंबीरराव. त्यांचा या गाडीवर फार जीव. पावसाळ्यात ते स्वतः भिजायचे, पण गाडीवर पळसाची पानं घालायचे.

आता त्या जंगलाची एक रीत होती. ती नीट ऐका, नाहीतर शेवटी मलाच छळाल.

घाटमाथ्यावर वनदेवीचं देऊळ होतं आणि देवळात तांब्याचा भलामोठा नगारा होता. जत्रेच्या दिवशी पायथ्यापासून देवळापर्यंत मोटारींची शर्यत लागायची. जो पहिला येईल त्याच्या गाडीतून नगारा वाजतगाजत खाली आणायचा. मालकानं गाडी चालवायची, मालकिणीनं शेजारी बसून नगारा वाजवायचा. याला म्हणायचे नगाऱ्याचा मान.

हंबीररावांच्या वडिलांना हा मान मिळाला होता. हंबीररावांना एकदाही नाही. याचं दुःख त्यांना होतंच, पण त्यांच्या बायकोला, यमुनाबाईंना, जास्त होतं. त्यांना नगारा वाजवायची भारी हौस. लग्न झाल्यापासून त्या घरी पालथ्या घागरीवर सराव करत होत्या. घागरीला पोचे पडले होते.

जंगलात गाड्या दोनच. दुसरी भिकाजी रानडुकराची. ती जुनाट आणि डबड्यासारखी. टपावर कॅरियर, आत बायको आणि एकमेकांच्या अंगावर बसलेली पोरं. तरी दरवर्षी भिकाजीच पहिला.

कारण सांगू? घाटाच्या मधल्या वळणावर हिरड्याचं झाड होतं आणि झाडाला मधाचं पोळं होतं. हंबीरराव तिथे दरवर्षी जरासे थांबत.

पण हे त्यांना सांगणार कोण? ते म्हणत, "गाडी जड आहे."

त्या वर्षी वान्या नावाचा वानर शहरातून परतला. शहरात तो एका गॅरेजसमोरच्या पिंपळावर राहायचा. एवढ्या अनुभवावर जंगलात तो तज्ज्ञ ठरला. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि मान हलवली.

"इंजीन झकास आहे. त्याला हात लावायचा नाही. वजन काढायचं. परफॉर्मन्स आपोआप येतो."

हा शब्द हंबीररावांनी पहिल्यांदाच ऐकला होता. त्यामुळे त्यांना तो लगेच पटला.

आधी बंपर निघाले. मग दारं निघाली. मग समोरची काच, खालचा गालिचा, स्टेपनी आणि हॉर्न. एकेक वस्तू निघाली की हंबीरराव नदीपर्यंत चक्कर मारून येत आणि ओरडत, "पिसासारखी पळते!" काढलेलं सामान यमुनाबाई गुहेत रचून ठेवत. शेवटी गुहेत झोपायला जागा उरली नाही. म्हणून दोघं बाहेर झोपू लागली.

मग वान्यानं शेजारची सीट काढली.

"अहो, मग मी कुठे बसू?" यमुनाबाई म्हणाल्या.

"तू पायवाटेनं वर ये. हे सगळं तुझ्यासाठीच तर चाललंय."

यमुनाबाईंनी ती सीट उचलून गुहेच्या तोंडाशी ठेवली. मग म्हणाल्या, "एक सुचवू? रागावणार नसाल तर."

"बोल."

"सगळ्यात जड सामान अजून गाडीतच आहे."

"कुठलं?"

यमुनाबाईंनी त्यांच्या पोटाकडे पाहिलं.

हंबीररावांना फार लागलं ते. पुढचा आठवडाभर ते बायकोशी फक्त जेवणापुरतं बोलले. म्हणजे तसं बरंच बोलले.

वान्यानं समजूत काढली. "वहिनींना यातलं कळत नाही. ते सामान नव्हे, तो ड्रायव्हर आहे. बरं, मला सांगा, ब्रेकनं गाडी पळते का?"

"नाही. थांबते."

"आपल्याला थांबायचंय?"

"छे!"

ब्रेकही निघाले.

जत्रेचा दिवस उजाडला. शिट्टी झाली आणि लाल गाडी अशी सुटली की भिकाजीच्या पोरांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. हंबीररावांच्या तोंडावर वारा, तोंडात माश्या, डोळ्यांत पाणी. मधलं वळण आलं. हिरडा आला. मधाचा वास आला. हंबीररावांचा पाय सवयीनं खाली गेला. तिथे काही नव्हतंच. पोळं डोळ्यांसमोरून निघून गेलं. हंबीररावांनी हंबरडा फोडला, पण गाडी वर पोचली. देवळामागच्या गवताच्या गंजीत घुसून ती थांबली.

"पहिला नंबर हंबीरराव!" हत्तीआजोबांनी जाहीर केलं. ते जत्रेचे पंच होते.

हार पडले, गुलाल उडाला. पायवाटेनं धापा टाकत आलेल्या यमुनाबाई हातात टिपऱ्या घेऊन तयारच होत्या. दोन गव्यांनी नगारा बाहेर आणला.

"कुठे ठेवू?" एका गव्यानं विचारलं.

सगळ्यांनी गाडीत वाकून पाहिलं. आत एक स्टिअरिंग, एक सीट आणि हंबीरराव होते.

"मांडीवर द्या," हंबीरराव म्हणाले. पण मांडीवर पोट होतं.

"मागे बांधू," दुसरा गवा म्हणाला. पण दोर बांधायला बंपर नव्हता.

"आणि बाबा रे," हत्तीआजोबा म्हणाले, "एवढा उतार. तू गाडी थांबवणार कशी?"

हंबीररावांनी वान्याकडे पाहिलं. वान्या कळसावर बसून प्रसादाचं खोबरं खात होता.

"मला वर जायचं सांगितलं होतं," तो म्हणाला. "खाली यायचं कोणी बोललं नव्हतं."

तेवढ्यात भिकाजीची गाडी धूर सोडत पोचली. पोरं उतरली ती टपावर चढली. नगारा पुढच्या सीटपाशी नीट बसला. भिकाजीची बायको म्हणाली, "माझ्या कडेवर दोन, पायाशी चार. मी कुठला वाजवणार? यमुनावैनी, तुम्हीच या."

यमुनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. हंबीररावांना वाटलं, ओरडून सांगावं, जाऊ नकोस. पण त्यांना ती पोचे पडलेली घागर आठवली.

"जा," ते म्हणाले. "जोरात वाजव."

मिरवणूक निघाली. मागून हंबीरराव चालत होते. गाडी तिथे सोडवत नव्हती आणि चालवताही येत नव्हती, म्हणून त्यांनी ती डोक्यावर घेतली होती. खरोखरच हलकी झाली होती ती.

पुढे नगारा घुमत होता. असा तो त्यांच्या आईनंही वाजवला नव्हता. हंबीररावांना अभिमान वाटला आणि रडूही आलं. हिरड्यापाशी त्यांनी गाडी खाली ठेवली आणि ते जरासे थांबले. मध खाताना रडू आवरतं, हे त्यांना माहीत होतं.

जत्रेनंतर पंचांची बैठक बसली. असा घोटाळा पुन्हा होऊ नये, यावर सगळ्यांचं एकमत झालं. वान्याला तज्ज्ञ म्हणून बोलावण्यात आलं. त्यानं नगाऱ्याभोवती एक फेरी मारली आणि मान हलवली.

"यात तांबं फार आहे," तो म्हणाला. "काढून टाकू."

सर्वांत आधी हंबीररावांनी हात वर केला.

यमुनाबाई उठल्या, भिकाजीच्या बायकोकडे गेल्या आणि पुढच्या जत्रेसाठी तिच्या गाडीतली जागा आत्ताच धरून आल्या.

तात्पर्य : बाळांनो, पुढे जायचं असेल तर वजन काढायलाच हवं. गाडीचं काढावं, बायकोच्या सीटचं काढावं, देवीच्या नगाऱ्याचंही काढावं. आपल्या स्वतःच्या पोटाला मात्र कोणी वजन म्हणू लागलं, तर त्याला यातलं काही कळत नाही, असं समजावं.