लाल पट्टीचे डॉक्टर

यंदा एकही विद्यार्थी परीक्षेला अडणार नाही, असं प्राचार्य म्हणून मी छातीठोक सांगितलं होतं! बालाघाटच्या आमच्या दंत महाविद्यालयात कुणी किती दाढा काढल्या, किती कवळ्या बसवल्या, सगळं मी संगणकाच्या पडद्यावर आणलं. परीक्षेला बसण्यासाठी ठरलेलं काम बाकी असेल तर नावापुढे लाल पट्टी, पुरं झालं की हिरवी. खोट्या नोंदी नकोत म्हणून नोंद खोडणाऱ्यालाही आठवडाभर लालच. आणि हौसेनं तो पडदा टांगला रुग्णांच्या बाकांसमोर. तिथंच बुडालो.

कवळीसाठी आलेल्या विमलाबाई कटंगीच्या बाजारात टमाटे विकतात. त्यांनी पडदा वाचला नाही, नुसता पाहिला, आणि बाकावरच्यांना समजावलं की हिरवं ते कच्चं, लाल ते पिकलं. झालं! भाताच्या रोवणीला बाया एकाच बांधीत उतराव्यात तशी सगळी रांग लाल पोरांकडे वळली. सगळ्यांत लाल मयुरी. तिच्या हातून तोवर जेमतेम दोन दाढा निघालेल्या.

मी मनातून खूश. मागे पडलेल्यांना रुग्ण मिळत होते. पण पट्ट्या हिरव्या व्हायला लागल्या तसे लोक खुर्चीतून उठायला लागले. लामत्याचे महागू तर तोंडात कापसाचा बोळा घेऊनच बसस्टँडकडे निघाले.

परीक्षेची यादी पाचला बंद होणार, त्या दिवशी मयुरीची एकच कवळी बाकी होती, विमलाबाईंची. ती नाही तर वर्ष गेलं. किरनापूरहून रोज बसनं येणारी पोर. घाईघाईत तिनं कवळी बसवण्याआधी, सकाळीच नोंद करून टाकली. पट्टी हिरवी. विमलाबाई दारातच थबकल्या.

"काल तं लाल होती पोरी. आज कच्ची कशी झाली?"

"आजी, चारदा माप मीच घेतलं ना."

"हौ. पण हिरवा टमाटा मी गिऱ्हाइकाले देत नाही, अन् हिरव्या पोरीले माह्या तोंडात हात घालू देऊ का?"

मयुरीचे डोळे भरले. मी पाव तास रंगांचा अर्थ सांगितला. भाव पाडणाऱ्या गिऱ्हाइकाचं ऐकावं तसं बाईंनी ऐकलं आणि पिशवी उचलली. शेवटी थकून मी मयुरीची नोंद खोडली. पट्टी लाल झाली. बाई निमूट खुर्चीत बसल्या.

कवळी बसली. ओठ भरले, खोल गेलेले गाल वर आले, आणि माहेरी आलेल्या लेकीसारखं हसू त्या तोंडावर परतलं. पाचला दहा कमी असताना मयुरी यादीत शिरली.

दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीबाहेर तेवीस माणसं. सगळ्यांत पुढे महागू, गाल धरून. पडद्यावर एकच नाव लाल होतं. माझं. काल नोंद मीच खोडली होती ना!

महागूंनी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून खात्री करून घेतली. "सर, पुरे पिकले तं तुम्हीच दिसून राह्यले."

अकरा वर्षांत मी एक दाढ काढलेली नाही. दार लोटून हळूच मयुरीला फोन लावला.

"बेटा, अभ्यास राहू दे जरा. चिमटे कुठल्या कपाटात असतात?"