धोबीण आखाड्यात उतरते

आमच्या वरच्या मजल्यावरचे मानाजीअण्णा वर्षातून तीन-चार वेळा सुतक पाळत. त्या दिवशी ते दाढी करत नसत, फोडणीचं खात नसत आणि खांद्यावर टॉवेल टाकून जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहत. मी बेंगळूरला, मल्लेश्वरममध्ये, नवीन राहायला आले तेव्हा हे पाहून घाबरले आणि हळूच विचारलं, कोण गेलं?

"गेलं कोणी नाही, अक्का," अण्णा म्हणाले. "घेतलं नाही."

मी त्यांच्याहून पंचवीस-तीस वर्षांनी लहान, पण ते मला अक्काच म्हणतात. कोणाला घेतलं नाही आणि कशात, हे समजायला मला दोन कप कॉफी लागली.

अण्णा एकोणसत्तर वर्षांचे. लग्न केलं नाही. घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं, त्यामुळे त्यांच्या मराठीला कानडी फोडणी असते. जन्मभर एका सरकारी यंत्रकारखान्यात ड्राफ्ट्समन होते. ज्या टेबलावर रुजू झाले त्याच टेबलावरून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर पुतण्याने जुना व्हिडिओ गेमचा डबा आणून दिला आणि स्वतः परदेशी निघून गेला. त्या डब्यात एक मारामारीचा खेळ होता. नाव लांबलचक इंग्रजी आहे, अण्णा त्याला 'आखाडा' म्हणतात. आखाड्यात वेगवेगळ्या खेळांतली पात्रं एकत्र येऊन लढतात. एका खेळातला सेनापती, दुसऱ्यातला बेडूक, तिसऱ्यातली राजकन्या. कंपनी दर काही महिन्यांनी एक नवं पात्र घेई, आणि जगभरचे लोक तोवर पैजा लावत बसत की आता कोणाला घेतील.

अण्णांना कंदीलवाला हवा होता. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या एका विसरलेल्या खेळातला दीपगृहाचा म्हातारा रखवालदार. त्याला दोनच चाली येतात. कंदील उगारणे आणि खोकणे. खोकला की समोरचा दोन पावलं मागे जातो. अण्णांचं म्हणणं, सेवाज्येष्ठता पाहिली तर पहिला नंबर त्याचाच. त्यांनी कारखान्याच्या बढतीच्या फायलीसारखी फाइल केली होती: पात्राचं नाव, रुजू झाल्याचं वर्ष, कामगिरी, शेरा. कंपनीला चौदा पत्रं लिहिली होती. पत्र टाकून आले की स्वतःच म्हणायचे, "होणार नाही म्हणून माहीत आहे मला. तरी कागद गेलेला बरा."

होणार नाही, हे त्यांचं सगळ्याच बाबतीत मत. दूधवाला येणार नाही, लिफ्ट दुरुस्त होणार नाही, माझी बदली पुण्याला होणार नाही. वाईट म्हणजे बहुतेक वेळा त्यांचंच खरं होई.

या खेळाचे शौकीन इंटरनेटवर एका ठिकाणी जमून वाद घालत. तिथे अण्णांचं नाव 'कंदील' होतं, आणि त्यांचा एक हाडवैरी होता, 'बॉबिन'. बॉबिनला आखाड्यात धोबीण हवी होती. ही बाई मुळात कपडे निवडायच्या एका कोड्याच्या खेळातली. जाडजूड दंड, कमरेला खोचलेला पदर, हातात ओली चादर. अण्णांचा मुद्दा असा, की जिने आयुष्यात कोणाला चापट मारली नाही तिला कुस्तीत घ्यायचं कशाला. बॉबिनचं उत्तर ठरलेलं होतं, की या सगळ्या योद्ध्यांत रोज कामावर जाणारी ती एकटीच आहे.

सात वर्षं हे भांडण चाललं. रोज सकाळी कॉफीबरोबर अण्णा बॉबिनचं वाचत, ताडकन उठत, आणि दोन बोटांनी मोडक्या इंग्रजीत उत्तर बडवत. बॉबिन बेंगळूरचाच, शिवाजीनगरात शिलाई मशिनं दुरुस्त करतो, एवढं त्यांना बोलण्यातून कळलं होतं. भेटायचं मात्र दोघांनी कधी सुचवलं नाही. "पोरगा असेल वीस-बावीस वर्षांचा," अण्णा म्हणत. "तोंड फार आहे त्याला."

मग बॉबिन गप्प झाला. एक महिना, दोन महिने, आठ महिने. अण्णांनी शेवटी लिहिलं होतं, तुझी बाई घाटावरच बरी. त्याला ते लागलं, असं त्यांच्या मनाने घेतलं. माफी मागावी की नाही यावर त्यांनी माझा सल्ला विचारला, मी मागा म्हटलं, त्यांनी मागितली. उत्तर आलं नाही.

गेल्या पावसाळ्यात कंपनीने जाहीर केलं की आता एकच पात्र घेणार आणि यादी कायमची बंद. त्या सकाळी अण्णांनी मला वर बोलावलं. एकट्याने बघवणार नाही म्हणाले. आम्ही त्यांच्या फोनवर तो व्हिडिओ बघत बसलो. आधी धूर, मग ढोल, आणि मग धुरातून धोबीण बाहेर आली.

मी अण्णांकडे बघायचं टाळलं. त्यांचा टॉवेल कुठे आहे ते मी मनात शोधत होते. पण अण्णा उठले नाहीत. त्यांनी इंटरनेटवरची ती वादाची जागा उघडली, बॉबिन काय म्हणतो ते बघायला. सगळ्या जगाने काहीबाही लिहिलं होतं. बॉबिनचं काही नव्हतं.

चार दिवस त्यांनी वाट पाहिली. पाचव्या दिवशी, रविवारी सकाळी, दार वाजवून मला म्हणाले, "शिवाजीनगरला येता काय अक्का? सात वर्षं मागत होता तो. आता मिळालं तर नाचायला पाहिजे होता. काहीतरी झालं आहे."

रिक्षात ते एकच वाक्य बोलले, सापडणार नाही. पण तिसऱ्याच दुकानात सापडला. अरुंद गाळा, भिंतीला टेकलेली शिलाई मशिनं, आणि कामाला बसलेली तिशीतली एक बाई. अण्णांनी चाचरत विचारलं की इथे बॉबिन नावाने कोणी लिहितं का. तिने हातातला स्क्रू खाली ठेवला आणि आत पाहून हाक मारली, अब्बा.

आत स्टुलावर अण्णांच्याच वयाचे एक गृहस्थ बसले होते. पांढरी दाढी, काळा चष्मा. हातात सुट्या बॉबिनांचा डबा होता आणि ते बोटांनी चाचपून लहानमोठ्या वेगळ्या करत होते. त्यांचं नाव अन्वरभाई. मुलीने, शाहीनने, हलक्या आवाजात सांगितलं की साखरेने दृष्टी गेली, दिवाळीच्या सुमारास. आता फोन हातात घेत नाहीत. वाचून दाखवते म्हटलं तरी नको म्हणतात.

अण्णा गाळ्याच्या मधोमध उभे राहिले. मग म्हणाले, "मी कंदील."

अन्वरभाईंची बोटं थांबली. "कंदील? तू तो बुढ्ढा निकला आवाज से. मैं समझा कोई लौंडा है." मग ते हसले, अण्णाही हसले, आणि पुढचं सगळं बोलणं कानडी-हिंदीच्या खिचडीत झालं.

अण्णांनी सांगितलं, धोबिणीला घेतलं. अन्वरभाईंना ती थट्टा वाटली. अण्णांनी खिशातून फोन काढला, व्हिडिओ लावला, त्यांच्या तोंडासमोर धरला, आणि क्षणभराने त्यांच्या ध्यानात आलं. फोन तसाच धरून ते बोलायला लागले.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. कंपनीने धोबिणीचं पार वाटोळं केलं होतं. ती आता सडपातळ, चकचकीत घट्ट कपड्यांतली मुलगी होती, आणि ओल्या चादरीच्या जागी हातात चमकणारी फीत होती. अण्णा स्वतः चार दिवस त्यावर चडफडत होते.

"धूर आहे," अण्णा म्हणाले. "त्यातून येते आहे. तीच. दंड तसेच. पदर खोचलेला. चादर ओली आहे, पाणी गळतं आहे खाली. आता पिळली. सेनापतीला एकच हाणली, तो पडला."

शाहीन मागे उभी राहून फोनकडे बघत होती. तिने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा अण्णांकडे, आणि बाहेर जाऊन मशीनपाशी बसली.

"पायात काय आहे?" अन्वरभाईंनी विचारलं.

"काही नाही. अनवाणी. घाटावरून उठून आल्यासारखी."

अन्वरभाईंनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग विचारलं, तुझ्या म्हाताऱ्याला घेतलं का. अण्णा म्हणाले, नाही, आणि आता यादी बंद झाली. अन्वरभाईंनी चाचपत त्यांचा हात शोधला. म्हणाले, "खोकायचा छान. मी उगाच बोलायचो."

सात वर्षं ज्यावर भांडले ते संपलं होतं. एकाचं माणूस आलं होतं ते त्याला दिसत नव्हतं, आणि दुसऱ्याचं कधीच येणार नव्हतं. मला तिथे बसवेना म्हणून मी शाहीनला चहाचं विचारायला बाहेर आले.

परतताना रिक्षात अण्णांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पुसला. मी विचारलं, कधी ना कधी कोणीतरी त्यांना खरं सांगेलच, मग? ते म्हणाले, सांगू दे. सरी, म्हणजे कानडीत ठीक आहे.

पुढच्या रविवारी मी कपडे वाळत घालत होते, तर अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून जिना उतरत होते. काखेत तो गेमचा डबा होता, वायरींसकट. मी म्हटलं, अण्णा, त्यांना दिसत नाही.

"माहीत आहे. डोळे येणार नाहीत, यादी उघडणार नाही," ते म्हणाले. "पण मी खेळतो, सांगतो त्याला कोण कुठून येतं आहे ते. दहाला येतो म्हटलं आहे. वाट बघत असेल."

एरवी 'होणार नाही' म्हणणारे अण्णा 'वाट बघत असेल' या स्वतःच्याच शब्दांना अडखळून पायरीवर थांबले. मग काखेतला डबा नीट धरला आणि खाली उतरले.