अक्कांचे शू-शास्त्र

रेवती आणि माधव, काल फोनवर तुम्ही बहीणभाऊ ज्या विषयावर भांडलात, त्यावर तातडीने लिहिणे भाग आहे. रेवतीच्या चार महिन्यांच्या बाळाला आतापासून शी-शू शिकवावी का? त्यासाठी रेवतीने म्हणे इंटरनेटवर क्लास लावला. माधव हसला. ती सगळी विद्या कुंभकोणमला आपल्याच माडीवर पाय लांब करून बसली आहे, हे तुम्हांला ठाऊक नाही. अक्का, म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण, माझी नणंद. वय ब्याऐंशी. स्वतःला मूल नाही, पण गल्लीतल्या प्रत्येक मुलाच्या शूवर हक्क.

अक्का तान्ह्याचे तोंड पाहून सांगतात की आता येणार. काय येणार, तेही सांगतात. एका लग्नात नवरीला ओवाळता ओवाळता त्यांनी तबक माझ्या हाती दिले आणि परक्या बाईच्या कडेवरचे मूल ओढून घेतले. "अगे, भुवई वर गेली की! दिसत नाही होय तुला?" अंगणात पोहोचेपर्यंत त्यांची रेशमी साडी भिजली. "पाहा, आलं की नाही?" साडी भिजली तरी विजय, वाचली तरी विजय.

पद्धत अशी: जमिनीवर बसून पाय सरळ करायचे, पावलांवर मुलाला बसवायचे आणि तोंडाने 'श्शूऽऽ' करायचे. दिवसातून आठ वेळा. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. मूल मान कधी धरते, पालथे कधी पडते, हे पुस्तकाशी ताडून वहीत लिहिणारी. तुमच्या बाबाच्या वेळी मी म्हटले, "अक्का, या वयात मुलाचा ताबा नसतो. पुस्तकात आहे."

"तुझ्या पुस्तकाला शू होते का? मग त्याला काय कळे?"

तुमचा बाबा दहाव्या महिन्यात शिकला, हे मान्य. पण शिकला काय? आवाज आला की सोडायचे. नाचियार्कोविलची बस थांबताना हवा सोडते, 'श्शूऽऽ'. चार वर्षांच्या तुमच्या बाबाने इस्त्रीच्या चड्डीत, साऱ्या स्टँडसमोर, आज्ञा पाळली. मी मान खाली घातली. अक्का म्हणाल्या, "गुणाचं लेंकरू!"

अडीच वर्षांपूर्वी खाली भाडेकरू आले. अभिरामी बँकेत कामाला, आणि तिची यालिनी दोन महिन्यांची. दुसऱ्याच दिवशी अक्का जुन्या धोतराचे लंगोट फाडून दारात हजर. "पाट्टी, डॉक्टर म्हणतात, दीड वर्षापर्यंत घाई नको," अक्कांना तमिळमध्ये आजी म्हणत अभिरामी गोड बोलली आणि अर्धे दार लावून घेतले. मला डॉक्टरांचेच पटले. अक्का आठवडाभर जिन्यावर बसून डायपरची निंदा करत होत्या. डायपरला त्या 'गाठोडं' म्हणतात.

मग अभिरामीची रजा संपली आणि ठेवलेली बाई टिकली नाही. दार पूर्ण उघडले. "शिकेपर्यंत दिवसा खाली येऊन तुम्हीच सांभाळा, पाट्टी," ती म्हणाली. "शिकली की प्लेस्कूलला. ते डायपरवाल्यांना घेत नाहीत."

तेव्हापासून दर रविवारी ती विचारते, "झाली का तयार?" आणि अक्का मान हलवतात, "अजून कच्ची आहे." अभिरामी संध्याकाळी दमून येते आणि डायपर घालून मोकळी होते.

मला नवल वाटले. दहाव्या महिन्यात पदवी देणारी ही बाई, आणि आता दोन वर्षे उलटूनही कच्ची? आजवरची बढाई खोटी ठरली, असे मनाशी म्हणत मी गेल्या महिन्यात मुद्दाम खाली जाऊन बसले.

यालिनी खेळता खेळता उठली. स्वतः मोरीत गेली, बसली, पाणी ओतले, परत आली. मग अक्कांनी पाय लांब केले आणि ती त्यांवर येऊन बसली. एवढी मोठी घोडी! तिची पावले बाजूला फरशीला टेकत होती. दोघी मिळून 'श्शूऽऽ' करत राहिल्या. काहीच झाले नाही. व्हायचे नव्हतेच.

अक्कांनी मला पाहिले.

"पोरं शिकली की जातात गे," म्हणाल्या. "रस्त्यात भेटली तर लाजून दुसरीकडे बघतात. तुझा पोरही तसाच."

त्या रविवारी अभिरामीने अक्कांना नाही, मला विचारले. शिकलेल्या बाईचा शब्द म्हणून. "मामी, तुम्ही सांगा. झाली का तयार?"

अक्का खिडकीबाहेर पाहत होत्या.

"कच्ची आहे," मी म्हटले. "जूनपर्यंत थांब."

"थांबू की," अभिरामी म्हणाली, जरा जास्तच पटकन.

अक्कांना आता ऐकू कमी येते, आणि जिना उतरायला माझा हात लागतो. पण रोज सकाळी आठला आम्ही खाली जातो, आणि यालिनी अजून येऊन बसते.