अर्धं डोकं इकडे, अर्धं तिकडे

"एक पदवी काय, कुणीही घेतं! मी एकाच खेपेत दोन घेऊन येतो!" विमानतळावर छाती फुगवून असं सांगून जो निघाला, त्याला घरात तेव्हापासून सगळे डबल म्हणू लागले. आत्या तर फोन उचलतानाच म्हणायची, "बोला, दोन पदव्यांचे धनी!" आणि पलीकडे डबलच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

बेत होताच तसा देखणा. थोडं शिक्षण मायदेशातल्या बिझनेस स्कूलमध्ये, थोडं परदेशातल्या, आणि शेवटी दोघींच्याही पदव्या. जणू एकाच मांडवात दोन बोहले! फक्त शेवटी एक काटा होता. दोन्ही शाळांसाठी दोन वेगळे प्रकल्प. दोन खऱ्या धंद्यांना सल्ला द्यायचा आणि ते वाढवून दाखवायचे. एकात जरी नापास झाला, तरी दोन्ही पदव्या अडकल्या!

बाकीची मुलं कारखाने शोधत परदेशातल्या त्या शहरभर वणवण हिंडली. डबलने खिडकीतून खाली पाहिलं. गल्लीत समोरासमोर दोन केशकर्तनालयं होती. एकाच्या मालकाला डोक्यावर औषधालाही केस नव्हता, ते टक्कलकाका. दुसऱ्याचे सगळे केस जणू नाकाखाली येऊन राहिले होते, ते मिशीकाका.

"मिळाले!" डबल ओरडला. "एका चकरेत दोन्ही कामं!"

खोलीतला जोडीदार दात घासता घासता थांबला. "अरे, ते दोघं एकमेकांचं तोंड पाहत नाहीत!"

"म्हणूनच तर दोघांनाही सल्ल्याची गरज आहे!"

टक्कलकाकांनी त्याला आतल्या पडद्यामागे नेलं. "पोरा, एक शब्द दे. समोरच्याला यातलं काही कळता कामा नये."

"दिला, काका!"

दुपारी मिशीकाकांनी दार लावून घेतलं. "समोरच्या बोडक्याच्या कानावर गेलं, तर तू आहेस आणि माझा वस्तरा आहे."

"नाही हो जाणार, काका!"

झालं! सकाळी निळा स्वेटर घालून डबल टक्कलकाकांचा, दुपारी टाय लावून मिशीकाकांचा. मधे गल्ली ओलांडली, की माणूस बदलला.

टक्कलकाकांना त्याने सांगितलं, "काका, लोकांना वेळ नाही. वेग हवा! फळीवर एक गजराचं घड्याळ ठेवा. गजर झाला की खुर्ची रिकामी!"

त्याला म्हणायचं होतं की तोवर काम उरका. पण टक्कलकाका शब्दाचे पक्के. गजर झाला की त्यांची कात्री हवेतल्या हवेत थांबायची!

"अहो, माझी डावी बाजू राहिली!"

"गजर झाला, साहेब. पुढचे या!"

अर्ध्या डोक्यावर बाग आणि अर्ध्यावर माळरान घेऊन ते गिऱ्हाईक फुटपाथवर उभं राहिलं. जाणार कुठे? समोर!

समोर मिशीकाका काळजीत. "पोरा, तिकडे वेगाचा धडाका लागलाय. आपण काय करायचं?"

आपल्याच सल्ल्यावर तोडगा काढायला डबलला अख्खी दुपार लागली. "आपण माया करायची, काका! माणसाला आपुलकी हवी असते. गाणं म्हणा!"

मिशीकाकांना गाणं एकच येत होतं, नातवाच्या पाळण्याचं. पण आवाज कसा, तर दुधावरच्या सायीसारखा. त्यांनी कात्रीच्या ठेक्यावर सूर धरला:

"नीज माझ्या राजा, कात्री घाली वारा,
केसांच्या रानात उतरला तारा…"

दुसऱ्या ओळीला गिऱ्हाईकाची मान कलली. तिसऱ्या ओळीला घोरणं सुरू! पाहता पाहता सगळ्या खुर्च्या झोपलेल्यांनी भरल्या. पांढरी फडकी पांघरलेली थोराड बाळंच ती! कुणाला उठवायला जावं, तर मिशीकाका ओठांवर बोट ठेवायचे. "शूऽऽ! आत्ता कुठे डोळा लागलाय!"

मग जागा न मिळालेली माणसं निघाली टक्कलकाकांकडे. तिथे गजर व्हायचा, अर्धी बाजू राहायची, की पुन्हा मिशीकाकांकडे. गल्लीत येणंजाणं वाढलं. सारी माणसं अर्ध्या डोक्याची! एकमेकांना ओळख पटली की हसून विचारायची, "तुमची उजवी झाली वाटतं?" "हो ना. डावीला चाललोय. जरा डुलकीही होईल."

आणि डबलचे आलेख? विचारू नका! दोन्ही दुकानांची गर्दी वेलीसारखी वर वर चढत होती. त्याने फोनवर सांगितलं, "आई, दोन्ही धंदे धावतायत!"

"धावणारच! सल्ला कुणाचा आहे?" आई म्हणाली आणि मागून आत्याने टाळ्या वाजवल्या.

परीक्षेचा दिवस उजाडला. इकडच्या शाळेच्या बाई सकाळी मिशीकाकांकडे येणार होत्या. मायदेशाहून निघालेले सर दुपारी टक्कलकाकांकडे. डबलने टाय आणि स्वेटर इस्त्री करून ठेवले होते. आणि सकाळीच सरांचा फोन आला. "विमान वेळेआधी उतरलं. मी तुझ्या दुकानाच्या दारातच आहे!"

डबल टाय लावूनच धावला आणि वाटेत स्वेटर डोक्यातून ओढला.

मिशीकाकांकडे बाई आधीच खुर्चीत बसल्या होत्या. "मी प्रश्न विचारत नाही. गिऱ्हाईक होऊन पाहते. खालची टोकं फक्त बोटभर कापा." मिशीकाकांनी सूर धरला. बाई अशा झोपल्या, जणू पेपर तपासायचे उरलेच नव्हते!

डबल समोर पळाला. सरही गिऱ्हाईक होऊन बसलेले! कात्री सपासप चालली. सर खूश. "वा! काय वेग आहे!" आणि…

ट्रिंग!

"काका, आजच्या दिवस पूर्ण करा हो!" डबल कळवळला.

"नियम म्हणजे नियम, पोरा. तूच शिकवलास."

सरांनी आरशात पाहिलं. उजवीकडे सर होते, डावीकडे भलताच कुणीतरी. "आता हे कोण पुरं करणार?"

"समोरचे, साहेब," टक्कलकाका म्हणाले. "सगळे तिकडेच जातात."

सर ताडताड गल्ली ओलांडून गेले. मागे डबल, त्याच्या मागे कुतूहलाने टक्कलकाका. दार धाडकन उघडलं. बाई दचकून जाग्या झाल्या. मिशीकाकांचा सूर तुटला.

"हा बोडका माझ्या दुकानात कसा?"

"माझ्या सल्लागाराच्या मागे आलोय!"

"तुझा सल्लागार? तो माझा आहे! टाय बघ त्याची!"

"स्वेटर बघ त्याचा!"

स्वेटरातून टाय, कुंपणातून डोकावणाऱ्या बकरीसारखी, बाहेर आली होती. डबलने मान खाली घातली. "काका… दोघांचाही मीच. वेगही माझा आणि मायाही माझीच."

दोघांच्या हातात वस्तरे नव्हते, नुसत्या कात्र्या होत्या, हे त्याचं नशीब.

बाईंनी दोन्ही आलेख मागवले. सरांनी ते उरलेल्या केसांतून बोटं फिरवत पाहिले. मग दोघं एकमेकांकडे पाहून हसत सुटली.

"इकडची गर्दी आणि तिकडची गर्दी… डोकी तीच आहेत!" बाई म्हणाल्या.

"अर्धी इथे मोजली, अर्धी तिथे. दोन दुकानं मिळून माणसाचे केस एकदाच कापतायत." सरांनी कागद मिटले. "म्हणजे हा एकच प्रकल्प झाला, बाळा. चांगला झालाय. पास! पण दुसरा कुठे आहे?"

दुसरा प्रकल्प पुन्हा, पुढच्या सहामाहीत. तोवर दोन्ही पदव्या कुलपात. आणि बाईंनी जाता जाता बजावलं, "या वेळी धंदा दुसऱ्या गावातला!"

इकडे मिशीकाका सरांच्या डाव्या बाजूला लागले होते आणि टक्कलकाका चक्क आरसा धरून उभे होते. दोघांचं पटलं होतं, कारण शिव्या घालायला दोघांना एकच माणूस मिळाला होता.

संध्याकाळी डबलने धीर करून घरी फोन लावला. "आत्या, मला अजून सहामाहीभर इथेच राहावं लागणार. अभ्यास वाढलाय."

पलीकडून आत्याचा आवाज अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असा फुटला, "अगं वहिनी, ऐकलंस का! पोरगं तिसरी पदवी घेतंय!"

डबलने हळूच फोन ठेवला. आत्याशी तो खोटं काही बोलला नाही. खरंही बोलला नाही, पण तेवढं आपल्यातच ठेवा.