सेक्शन सीची पुरवणी

"या स्टेडियममध्ये तुम्हाला किती सुरक्षित वाटतं? एक ते पाचपैकी एका आकड्याला गोल करा," असा पहिलाच प्रश्न होता आणि स्वप्नालीचं पेन तिथेच अडलं.

सेक्शन सीमधले बाकीचे प्रेक्षक पटापट गोल करून मोकळे होत होते. शेजारच्या लोकरी टोपीवाल्या आजींनी तर प्रश्न पुरता न वाचताच पाचाला गोल केला आणि फॉर्म परत देऊन टाकला. स्टेडियमच्या सिक्युरिटीसाठी फॉर्म वाटणारी मेगन नावाची विद्यार्थिनी ऑक्टोबरच्या थंडीत नाक ओढत स्वप्नालीसमोर उभी होती.

"जस्ट युअर फीलिंग," ती समजुतीनं म्हणाली.

"फीलिंग म्हणजे काय रे?" स्वप्नालीनं नवऱ्याला विचारलं. "वाटायला काही आधार नको?"

"अगं, फुटबॉल बघायला आलोय आपण. कर पाचाला गोल आणि सोड," उन्मेष मैदानावरची नजर न काढता म्हणाला.

"न बघता?"

उन्मेषनं स्कोअरबोर्डाकडे मान वळवली. नाशिक केंद्रातून बोर्डात आलेल्या बाईशी परीक्षेच्या बाबतीत वाद घालायचा नसतो, एवढं सहा वर्षांच्या संसारात तो शिकला होता. स्वप्नालीच्या हातात छापील प्रश्न पडला की तिच्या अंगात तीन तासांचा पेपर संचारे. बँकेच्या फॉर्मवर 'इतर माहिती' या रकान्यात ती खरोखर इतर माहिती लिही.

शिवाय आजचा प्रश्न साधा नव्हता. हाफटाइमला केयाच्या जिम्नॅस्टिक्स क्लबची वीस पोरं कड धरून वर उडवायचं एक मोठ्ठं रंगीत कापडी पॅराशूट घेऊन याच मैदानावर येणार होती. केया पाच वर्षांची. गेल्या डिसेंबरात डेकेअरच्या कार्यक्रमात तिला प्रेक्षकांत आई दिसली नव्हती. तेव्हा ती स्टेजवर मधोमध फतकल मारून बसली आणि पडदा पडेपर्यंत रडली. पडदा पडल्यावरही पडद्यामागून आवाज येत होता. त्यानंतर तिनं कुठल्याच स्टेजवर पाऊल ठेवलं नव्हतं. आज सकाळी कनाटातल्या घरून ब्रूकहिल कॉलेजच्या या स्टेडियमला येताना गाडीत तिनं अट घातली होती.

"यू स्टँड ॲट द रेलिंग, मम्मी. इफ आय डोन्ट सी यू, आय ॲम नॉट डूइंग इट. एव्हर."

"उभी राहीन. अगदी पुढे. प्रॉमिस."

तो 'एव्हर' स्वप्नालीनं फार गंभीरपणे घेतला होता. तेव्हा केया मैदानावर जाणार, म्हणजे मैदान सुरक्षित हवं आणि रेलिंगला आई हवी. दोन्ही गोष्टी तिनं मनात पक्क्या केल्या. सामना नुकता सुरू झाला होता आणि हाफटाइमला तासाभराहून जास्त अवकाश होता. केया कोचबरोबर पलीकडच्या तंबूत होती, दर दहा मिनिटांनी तिकडे एक नजर टाकली की झालं.

"मी जरा बघून येते," ती उठली. "आणि मेगन, डू यू हॅव एक्स्ट्रा पेपर? सप्लिमेंट?"

मेगननं आजवर शेकडो फॉर्म भरून घेतले होते, पण पुरवणी मागणारं पहिलंच माणूस तिला भेटत होतं. तिनं गोंधळून वहीतले चार कागद फाडून दिले.

स्वप्नालीनं कामाला हात घातला तो शास्त्रशुद्ध. पिवळाधमक कोट, खांद्याला केयाचे जास्तीचे मोजे, थर्मास, थालीपीठं आणि तीन प्रकारची बँडेड असलेली अवाढव्य बॅग, हातात कागद. आधी तिनं सेक्शनच्या पायऱ्या मोजल्या. मग तिच्या जागेपासून गेट तीनपर्यंतची पावलं मोजली, चालत आणि मग झपाझप. गेट चार तिला सापडेचना, कारण त्याच्या दारात हॉट चॉकलेटची गाडी आडवी उभी होती. गाडीवाला म्हणाला, इथे वारा लागत नाही. स्वप्नालीनं ते टिपून घेतलं. कच्चं काम ती नेहमी मराठीतच करी. पक्कं मग इंग्रजीत.

परत येऊन तिनं आसपासच्या लोकांची पाहणी सुरू केली. इमारत बघायची आणि माणसं बघायची नाहीत, असं कसं चालेल?

"एक्सक्यूज मी," ती लोकरी टोपीवाल्या आजींकडे वाकली, "सगळ्यांना एकदम पळावं लागलं, तर तुम्हाला पळता येईल?"

आजींच्या हातातला हॉट डॉग खाली आला. "व्हाय, डिअर? आर वी गोइंग टू?"

"नाही नाही. जस्ट आस्किंग."

पुढच्या रांगेतल्या गृहस्थांना तिनं गुडघ्यांबद्दल विचारलं. कोपऱ्यातल्या जोडप्याला सांगितलं की तुम्ही बसलाय ती जागा सगळ्यात वाईट आहे. मग एका पायरीवर उभी राहून तिनं स्टेडियमचा नकाशा काढला आणि त्यावर बाण दाखवले. सेक्शन सीमध्ये टाळ्या हळूहळू कमी होत गेल्या. टचडाउन होऊन सहा गुण मिळाले तेव्हाही अर्धे लोक मैदानाऐवजी तिच्याकडेच बघत होते. एकेक करत बऱ्याच जणांनी मेगनला बोलावून आपले फॉर्म परत मागून घेतले आणि त्यात दुरुस्त्या केल्या.

दुसरा क्वार्टर निम्मा झाला असेल नसेल, पिवळ्या जाकिटातला एक धिप्पाड माणूस स्वप्नालीसमोर येऊन उभा राहिला. छातीवर नाव होतं डग.

"मॅम, जरा माझ्याबरोबर येता का?"

"तुम्ही सिक्युरिटीचे? बरं झालं! मला तुम्हालाच भेटायचं होतं," स्वप्नाली म्हणाली आणि उत्साहानं त्याच्या पुढेच चालू लागली.

डगची केबिन स्टँडखाली होती. टेबलावर फॉर्मचा गठ्ठा होता आणि शेजारी मेगन अपराधी चेहऱ्यानं उभी होती.

"पहिल्या वीस मिनिटांत सेक्शन सीची सरासरी चार पूर्णांक आठ होती," डग म्हणाला. "आता दोन पूर्णांक एक आहे. बाकी सगळं स्टेडियम मजेत आहे. फक्त सी घाबरलाय." त्यानं एक फॉर्म उचलून शेवटचा प्रश्न वाचला. "'काही संशयास्पद दिसलं का?' उत्तर, 'पिवळा कोट घातलेली बाई पावलं मोजते आहे.' हा दुसरा. 'पिवळा कोट. तिनं माझ्या गुडघ्यांची चौकशी केली.' असे एकतीस आहेत, मॅम."

स्वप्नालीच्या डोक्यात प्रकाश पडायला दोन सेकंद लागले. आणि पडला तो असा, की तिला एकदम उकडायलाच लागलं.

"अहो, पण मी तर तुमचाच फॉर्म भरतेय!" तिनं पुरवण्या पुढे केल्या.

डगनं कागद उलटसुलट करून पाहिले. नकाशा, बाण, आकडे आणि त्याला न वाचता येणाऱ्या अक्षरांच्या ओळीच्या ओळी. त्याचा चेहरा आणखी लांबला. "हे काय लिहिलंय, ते कळेपर्यंत तुम्हाला इथं थांबावं लागेल. सॉरी. नियम आहे."

स्वप्नालीनं घड्याळ पाहिलं. हाफटाइमला अठरा मिनिटं होती. तिनं उन्मेषला फोन लावला. तेवढ्यात डगच्या सांगण्यावरून स्पीकरवर पुकारा झाला, "कोणाला हिंदी वाचता येत असेल तर सिक्युरिटी केबिनकडे यावे."

पाच मिनिटांनी एक सत्तरीचे ताठ गृहस्थ बसायची गादी काखेत मारून आत आले. हे शरदचंद्र राजवाडे. एकोणसत्तर साली कॅनडात आले, तीस वर्षं सिव्हिल इंजिनिअरिंग शिकवलं, आता निवृत्त. ब्रूकहिलचा एकही सामना चुकवत नाहीत. त्यांनी चष्मा चढवला आणि पहिली ओळ वाचताच म्हणाले, "हे हिंदी नाही. हे मराठी आहे. आणि अक्षर फार सुरेख आहे."

"काका!" स्वप्नालीला माहेरचं कोणी भेटल्यासारखं झालं. "प्लीज लवकर वाचा हो. माझी मुलगी हाफटाइमला मैदानावर येणारे. मी दिसले नाही तर ती परत कध्धीच..."

"घाई करू नका. पेपर नीट तपासला पाहिजे," काका खुर्चीत बसले आणि मेगनकडे बघून म्हणाले, "रेड पेन?"

लाल पेन मिळालं आणि काका एकेक ओळ इंग्रजीत सांगू लागले. "'गेट तीन. एकशे बारा पावलं. पायरी क्रमांक नऊ हलते.' बरोबर, मीही त्यावर अडखळलोय. 'गेट चार. हॉट चॉकलेटच्या गाडीनं पूर्ण बंद.'"

"शक्य नाही," डग म्हणाला. "गेट चार इमर्जन्सी एक्झिट आहे. ते कधीच बंद नसतं."

"पुढे. 'गेट दोनचा रखवालदार. सात मिनिटांत चार जांभया.' छान निरीक्षण. 'संकटकाळी उन्मेषवर अवलंबून राहू नये. तो स्कोअर बघत असेल.' उन्मेष म्हणजे कोण?"

"मी," दारातून आवाज आला. एका हातात दोन हॉट डॉग धरून उन्मेष उभा होता. "सतरा-दहा आहे," तो डगला म्हणाला आणि मग त्यानं एक हॉट डॉग स्वप्नालीपुढे धरला.

काकांनी शेवटच्या कागदावर रेघ मारली. "उपाय व्यवहार्य आहेत. आकृतीला नावं दिलेली नाहीत, उत्तर दिशा दाखवलेली नाही. त्याचे दोन मार्क गेले. बाकी उत्तम." त्यांनी खाली गोल करून वीसपैकी अठरा लिहिले आणि डगकडे वळून म्हणाले, "ही बाई धोकादायक नाही. ही बाई अभ्यासू आहे. लोकांची गल्लत होते."

डगनं डोकं खाजवलं, मग तोंडभर हसला. "मॅम, आय ॲम सो सॉरी. चला, मी स्वतः तुम्हाला पोचवतो. गेट चारमधून गेलो की रेलिंग समोरच."

"गेट चार बंद आहे," स्वप्नाली आणि राजवाडे काका एकदमच म्हणाले.

बाहेर बँड वाजू लागला होता. हाफटाइम झाला होता. पाचही जण गेट चारकडे धावले. गाडी होती तिथेच होती, आडवी. डग क्षणभर तिच्याकडे नुसता बघत राहिला. मग त्यानं आणि उन्मेषनं खांदे लावून ती दारापासून वीस पावलं लांब ढकलली, गाडीवाला वाऱ्याबद्दल ओरडत असताना. दार सताड उघडलं आणि स्वप्नाली आत घुसली.

समोर रेलिंग होतं, पण ते दिसत नव्हतं. बँड बघायला अख्खा सेक्शन सी उभा राहिला होता. ब्रूकहिलच्या जांभळ्या टोप्यांची भिंत. त्या भिंतीच्या फटीतून तिला मैदान दिसलं. पॅराशूट उलगडलं होतं, पोरं कड धरून गोल उभी होती आणि एकीनं कड सोडली होती. केयाचे हात खाली होते, मान या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होती आणि खालचा ओठ पुढे आला होता. त्या ओठाचा अर्थ स्वप्नालीला पाच वर्षांपासून पाठ होता. आता फार तर दोन-तीन मिनिटं.

"मूव्ह!" ती ओरडली. दोन्ही हातांनी तिनं हवा कापली. "प्लीज मूव्ह! एव्हरीबडी! नाऊ!"

सेक्शन सीनं वळून पाहिलं. पिवळ्या कोटातली तीच बाई. तिच्या मागे पिवळ्या जाकिटातला सिक्युरिटीचा माणूस, धापा टाकत, एका हातानं गेट चार उघडं धरून. ज्यांनी दोनाला गोल केला होता, ते सगळे तासभर याच क्षणाची वाट बघत होते.

"आय न्यू इट," लोकरी टोपीवाल्या आजी शांतपणे म्हणाल्या, पर्स उचलली आणि उघड्या गेटकडे निघाल्या. त्यांच्या मागे गुडघेवाले गृहस्थ. त्यांच्या मागे कोपऱ्यातलं जोडपं. मग अख्खा सेक्शन. कोणी धावलं नाही, कोणी ढकललं नाही. "सॉरी," "आफ्टर यू," "नो, नो, यू गो अहेड," असं म्हणत तीनशे माणसं रांगेनं स्वप्नालीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर गेली. मधल्या मध्ये ती "नॉट ऑल ऑफ यू! नुसतं थोडं सरका!" असं दोन भाषांत ओरडत राहिली आणि ते कुणाच्याच कानात शिरलं नाही.

डग मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता. "दोन मिनिटं चाळीस सेकंद," तो पुटपुटला. "तीन वर्षं मी स्टेडियम रिकामं करायच्या ड्रिलची परवानगी मागतोय."

बाहेर तीनशे माणसं थंडीत उभी राहिली. समोर हॉट चॉकलेटची गाडी होती. वाऱ्याबद्दलची गाडीवाल्याची तक्रार तिथेच संपली.

स्वप्नालीला यातलं काही दिसत नव्हतं. ती मोकळ्या पायऱ्या उतरून रेलिंगला जाऊन चिकटली होती आणि वेड्यासारखे दोन्ही हात हलवत होती. मैदानावर केयाची फिरती मान एकदम थांबली. ओठ आत गेला. तिनं खाली वाकून पॅराशूटची कड उचलली, आणि कोचनं शिट्टी फुंकताच वीस पोरांनी मिळून ते लाल-निळं-पिवळं कापड असं वर उडवलं, की क्षणभर त्याखाली कोणीच दिसेना, नुसतं खिदळणं ऐकू येत राहिलं.

सेक्शन सी कागदी पेले घेऊन परत येऊ लागला तेव्हा कार्यक्रम संपत आला होता. लोकरी टोपीवाल्या आजींनी एक पेला स्वप्नालीच्या हातात ठेवला. "व्हेरी वेल ऑर्गनाइझ्ड, डिअर," त्या म्हणाल्या. "आणि बघ, मला पळता आलं नसतं, पण चालता आलं." त्यांनी मेगनला हाक मारून पुन्हा आपला फॉर्म मागितला.

तेवढ्यात केया मैदानावरून धावत आली. उन्मेषनं तिला रेलिंगवरून उचलून आत घेतली. गाल लाल, एक मोजा गायब.

"मम्मी! आय सॉ यू! आय कुडन्ट फाइंड यू, अँड देन एव्हरीबडी वेन्ट अवे, अँड ओन्ली यू स्टेड!"

स्वप्नालीनं उन्मेषकडे बघितलं. उन्मेषनं डगकडे. डग आभाळात काहीतरी शोधू लागला.

"हो गं," स्वप्नाली तिच्या गार बोटांवर फुंकर घालत म्हणाली. "मी कशाला जाते?"