पंखा अजून फिरतोय

अधिक महिन्यातलं धोंड्याचं जेवण. जावई दिनेशराव आणि लेक योगिनी दिंडोरीहून निघाले होते, घरात पुरण शिजलं होतं आणि नेमका हॉलमधला बल्ब उडाला.

"अहो, जावई यायच्या आत एवढा बल्ब बदला," मंगलाबाई म्हणाल्या.

सोमनाथसरांनी उभी हयात कॉलेजात वीज शिकवली होती. त्यामुळे विजेला त्यांच्याइतकं घाबरणारं अख्ख्या गंगापूर रोडवर कुणी नव्हतं. भिंतीवरचं बटण बंद केलं म्हणजे वीज बंद झाली, यावर त्यांचा विश्वास नव्हता. (तसा स्वतःवरही नव्हता.) रबरी चपला घालून ते थेट पार्किंगमागच्या मीटररूममध्ये उतरले.

तिथे सगळ्या फ्लॅटचे एमसीबी ओळीनं बसवलेले. दिवाळीआधी रंगकाम करताना पेंटरनं फ्लॅटचे नंबरही रंगवून टाकले होते. सरांनी अंदाजानं एक खटका पाडला आणि बाहेर येऊन ओरडले, "हॉलमधला पंखा थांबला का गं?"

मंगलाबाई गॅलरीत आल्या. "नाही, फिरतोय!"

म्हणजे तो आपला नव्हे. सरांनी शेजारचा पाडला.

"आता?"

"फिरतोय की!"

(आधीचा पुन्हा वर करावा, तर ठिणगी उडाली म्हणजे? नकोच.) सरांनी तिसरा पाडला. पहिल्या मजल्यावरून लताबाई किंचाळल्या, "अगं बाई, मिक्सर बंद पडला!"

सरांना वाईट वाटलं. जुना असेल बिचारीचा.

एकेक करत खटके पडत गेले. शेवटी कोपऱ्यातला, सगळ्यांत दांडगा खटका खाली आला आणि सरांचा फोन वाजला.

"बाबा, दिनेश बोलतोय. आम्ही लिफ्टमध्ये अडकलोय. लाइट गेली का?"

"छे हो! आमचा पंखा चालू आहे ना!"

पलीकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मग योगिनीचा आवाज आला, "बाबा, तो पंखा इन्व्हर्टरवर आहे. तुम्हीच बसवून घेतलाय."

सरांनी डोळे मिटून, तोंड फिरवून, सगळे खटके वर केले आणि धापा टाकत घर गाठलं. जावई घामानं निथळत पाटावर बसले होते. हॉलमध्ये नवा बल्ब लख्ख पेटलेला.

"कुणी बदलला?"

"मी," मंगलाबाई पुरणाचे धोंडे वाढत म्हणाल्या. "बटण बंद केलं आणि बदलला."

आता निदान जावयाची तरी मर्जी राखावी म्हणून सरांनी स्वतः तुपाची वाटी पुढे केली. "दिनेशराव, राग मानू नका हं. पुढच्या अधिक महिन्यालाही नक्की यायचं."

"येणार की, बाबा," धोंडा मोडत दिनेशराव म्हणाले. "जिन्यानं."